आईच्या पीसीचा मेकओव्हर

मराठी मध्यमवर्गीय घरात एक ठरलेला कोपरा असतो. तिथे कॉम्प्युटर टेबल असतं. त्याचा कीबोर्डचा ट्रे कधीच पूर्ण सरकत नाही. खाली कॅबिनेट, वर मॉनिटर आणि सगळ्यावर पडद्याच्या उरलेल्या कापडातून शिवलेलं कव्हर. एकेकाळी हा पीसी म्हणजे घराची शान होता. पाहुणे आले की मुद्दाम सुरू करून दाखवायचे! आता घरात माणशी एक स्मार्टफोन, कुणाचा लॅपटॉप, कुणाचा टॅब. पीसीची पदावनती होऊन त्याचं फर्निचर झालंय. दर दिवाळीला साफसफाई करताना कुणीतरी विचारतंच, ‘हे काढून टाकू या का?’

२०२५च्या दिवाळीआधी हा प्रश्न लाखो घरांमध्ये जरा जास्तच जोरात विचारला गेला. कारण १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी, म्हणजे ऐन फराळाच्या आठवड्यात, मायक्रोसॉफ्टने विंडोज टेनचा सपोर्ट थांबवला. जुलै २०१५मध्ये आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली. सपोर्ट संपला म्हणजे पीसी बंद पडतो असं नाही बरं का! तो चालतोच. फक्त नव्याने सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळ लावायला कुणी येत नाही. पुढची सिस्टिम म्हणजे विंडोज इलेव्हन. पण तिच्या अटी अशा, की स्थळ बघायला आलेल्या वरपक्षानेही लाजावं. ‘टीपीएम २.०’ नावाची सिक्युरिटी चिप हवी, सिक्युअर बूट हवं आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा तरी हवा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७मध्ये.

आमच्या डोंबिवलीच्या घरातला पीसी २०१२चा. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. थोडक्यात, पत्रिका जुळत नव्हती.

आणि पत्रिकेचाच तर प्रश्न होता! कारण आमच्याकडे हा पीसी फर्निचर नाही. त्यावर माझी आई लग्नपत्रिका करते.

तीस, चाळीस आणि डाँगल

आईने लग्नाआधी मराठी टायपिंगच्या तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिल्या, त्या खडखडणाऱ्या टाइपरायटरवर. मग एका प्रेसमध्ये डीटीपी केलं. २०१२ साली, मी दहावीत असताना, तिने नोकरी सोडून स्वतःचा पीसी घेतला आणि घरूनच काम सुरू केलं. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, गणेशोत्सवाच्या स्मरणिका. माझ्या मास कम्युनिकेशनच्या डिग्रीच्या दोन वर्षांची फी याच कॅबिनेटमधून बाहेर आली आहे. त्यामुळे ‘काढून टाकू या का?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा म्हणजे हिंमत लागते.

ती मी केली. म्हटलं, ‘आई, मस्तपैकी लॅपटॉप घेऊ तुला. हप्त्यावर. वजनाला हलका, विंडोज इलेव्हन आतच टाकलेली, झंझटच नाही.’

‘त्याला माझं डाँगल लागेल?’ आईने विचारलं.

डाँगल म्हणजे तिच्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरचं कुलूप. पेनड्राइव्हसारखं दिसणारं एक ठोकळं मागे लावलेलं असलं तरच सॉफ्टवेअर उघडणार, नाहीतर नाही. चोरून कॉपी करू नये म्हणून त्या काळी बरीच सॉफ्टवेअर्स असं करत. तिची आवृत्ती जुनी. नव्या विंडोजवर डाँगलचा ड्रायव्हर चालेल याची खात्री कुणीच देईना. नवी आवृत्ती घ्यायची तर त्याचे पैसे वेगळे.

‘आणि कीबोर्ड? लॅपटॉपचा तो चपटा? त्यावर माझी बोटं नाही चालत गं. मला नवं नकोय, मला चालतं हवंय.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण ‘चालतं’ म्हणावं असं तरी काय उरलं होतं? सकाळी देवपूजेला बसण्याआधी आई पीसीचं बटण दाबायची. पूजा झाली, चहा झाला की स्क्रीनवर आयकॉन आलेले असायचे. मग राइट क्लिक करून रिफ्रेश, रिफ्रेश, रिफ्रेश. (हे का करतात ते कुणालाच माहीत नाही, पण आपल्या पिढीपर्यंत सगळे भक्तिभावाने करत आले आहेत.)

वेग हा अर्धाच प्रश्न होता. उरलेला अर्धा आईने मला सांगितलाच नव्हता. तो मला शेजारच्या काकूंकडून कळला. नऊ वर्षं जी स्मरणिका आई करायची, ती २०२५च्या गणपतीत दुसरीकडे गेली. कमिटीवर आलेल्या नव्या मुलांना मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरवायचा होता, फोनवर तपासायचा होता. आईने पाठवलेली फाइल फोनवर उघडली की मराठीऐवजी डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. दोनदा प्रयत्न केला आणि मग ‘मावशी, राहू दे या वर्षी’ म्हणाले. आई घरात काहीच बोलली नव्हती.

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि पत्रिकांची कामं येतात. तोवर काहीतरी करायलाच हवं होतं.

आधी निदान, मग औषध

आमच्या स्टेशनजवळच्या हार्डवेअरवाल्या दादांनी कॅबिनेटकडे नुसतं बघून निकाल दिला, ‘ताई, याचं काही होणार नाही. नवीनच घ्या.’ मी म्हटलं, आधी दुखतंय कुठे ते तरी बघू. टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर पंधरा टक्के, निवांत. रॅम नव्वद टक्के, दमलेली. आणि डिस्क? सलग शंभर टक्के!

म्हणजे मेंदू ठीक होता, गुडघे गेले होते.

साधी हार्ड डिस्क म्हणजे आत फिरणारी तबकडी आणि तिच्यावरून सरकणारा वाचक हात, अगदी ग्रामोफोनसारखा. आमची मिनिटाला ७२०० फेरे घेणारी. ऐकायला जबरदस्त, पण हिशेब करा. एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. हाताला योग्य जागी जायला आणखी काही. एक तुकडा शोधायला सरासरी दहा-बारा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक तुकडे. विंडोज सुरू होताना असे हजारो छोटे तुकडे इकडून तिकडून गोळा करते. त्यातून रॅम अपुरी पडली की सिस्टिम उरलेलं सामान याच डिस्कवर ठेवते. झालं! एकाच दमलेल्या माणसाला वाणसामानही आणायला सांगायचं आणि पाणीही भरायला सांगायचं.

एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. सगळं चिपमध्ये. तुकडा शोधायला मिलिसेकंदाचा अगदी छोटा अंश पुरतो. म्हणून जुन्या पीसीवर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, हा साधा सोपा फंडा.

मात्र कुठलीही एसएसडी नाही. हल्ली मिळते ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई आमच्या बोर्डवर बसणारच नाही, कारण तिची खाचच नाही. आम्हाला हवी अडीच इंची साटा एसएसडी. एच-६१ बोर्डवरची साटाही जुनी, सेकंदाला ३ गिगाबिटवाली. त्यामुळे नव्या एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, अर्ध्याच्या आसपास मिळतो. पण छोटे तुकडे शोधण्यातला फायदा जवळजवळ तसाच राहतो, आणि आपल्याला तोच हवाय. रॅमचंही तसंच. बोर्ड डीडीआर-थ्रीचा, तर डीडीआर-फोर चालत नाही. तिची खाचच वेगळ्या ठिकाणी असते, बसतच नाही. अट्टहास करून दाबू नका, बोर्ड जाईल.

लॅमिंग्टन रोडची वारी

मुंबईत हे सगळं कुठे मिळतं हे सांगायला नको. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि चालत लॅमिंग्टन रोड गाठायचा. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या आणि पीसीवाल्यांच्या तोंडून अजून गेलेलं नाही.

इथला नियम एकच, नेमकं काय हवंय ते कागदावर लिहून न्या. नाहीतर तीन दुकानं फिरून तुम्ही गेमिंगच्या रंगीत पंख्यासह घरी याल. माझ्या चिठ्ठीवर चार ओळी होत्या. ४८० जीबीची साटा एसएसडी, डेस्कटॉपची ४ जीबीची डीडीआर-थ्री रॅम, थर्मल पेस्टची ट्यूब आणि सीआर-२०३२ चा सेल.

डीडीआर-थ्री रॅम ऐकल्यावर काउंटरवरचा मुलगा हसला. ‘मॅडम, इतना पुराना? सेकंड हँड मिलेगा, चेक करके दूंगा.’ आणि खरंच मशीनमध्ये लावून, दहा मिनिटं टेस्ट चालवून, मग दिली. सगळं मिळून बिल साडेतीन हजारांच्या आसपास झालं. लॅपटॉपचा अंदाज होता चाळीस हजारांचा. पुढे २०२५च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढली आणि मेमरीचे भाव चढले. म्हणजे वारी वेळेवर घडली म्हणायची.

ऑपरेशन कॅबिनेट

रविवार दुपार. बाबा टॉर्च धरून उभे, आई पदर खोचून शेजारी. ‘त्याला काही झालं तर बघ हं.’ ही काळजी तिने माझ्या दहावीच्या निकालाच्या वेळीही दाखवली नव्हती!

पहिली पायरी म्हणजे बॅकअप. ही टाळायची नाही म्हणजे नाही. जाणकार सांगतात ‘तीन-दोन-एक’. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आईचं तेरा वर्षांचं सगळं काम चाळीस जीबीसुद्धा भरलं नाही. एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर, एक क्लाउडवर, एक जुन्या डिस्कवर.

दुसरी पायरी, स्वच्छता. वायर काढून, कॅबिनेट आडवं करून, रंगकामाचा मऊ ब्रश आणि ब्लोअर. आतून निघालेल्या धुळीच्या उशा पाहून बाबा म्हणाले, ‘एवढी धूळ तर आपल्या माळ्यावर नाही.’ प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. पंख्याचा घरघराट निम्म्यावर आला.

तिसरी, तो नाण्याएवढा सेल. वीज गेली की आमच्या पीसीचं घड्याळ थेट २०१२मध्ये जायचं. गंमत म्हणून सोडून द्यावं असं हे नाही. तारीख चुकीची असली की ब्राउझरला वेबसाइटची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी वाटतात आणि बँकेपासून मेलपर्यंत काहीच उघडत नाही. आई त्याला ‘नेट रुसलं’ म्हणायची. तीन व्होल्टच्या एका सेलने रुसवा गेला.

मग रॅम खाचेत बसवली, दोन्ही बाजूंची टोकं टक् करून लागली. एसएसडीला दोन वायरी जोडल्या. कॅबिनेट बंद. हार्डवेअरचा खेळ दीड तासात आटोपला. खरी डोकेदुखी पुढे होती. यावर चालवायचं काय?

तीन वाटा आणि दोन खोल्या

पहिली वाट, विंडोज टेनच ठेवायची आणि एक वर्षाचं एक्स्टेन्शन घ्यायचं. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी सिंक केल्या तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. सोपी वाट, पण वर्षभराचीच.

दुसरी वाट, अटी चुकवून विंडोज इलेव्हन बसवायची. तशा युक्त्या आहेत. पण अशा मशीनला अपडेट्स मिळतीलच याची हमी नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. ज्या मशीनवर घराचं पोट आहे तिथे ‘बघू या चालतंय का’ हा मंत्र उपयोगाचा नाही.

तिसरी वाट, लिनक्स. नाव ऐकून घाबरू नका, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करणाऱ्या हॅकरचे दिवस गेले. मी निवडलं ते लिनक्स मिंट. २००६मध्ये सुरू झालेलं, फुकट आणि दिसायला विंडोजच्या चुलत बहिणीसारखं. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. दोन जीबी रॅमवरही चालतं, चार असली तर आरामात. बाविसाव्या आवृत्तीला २०२९पर्यंत सपोर्ट आहे. आणि एक गोड गोष्ट म्हणजे त्याच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. पहिली होती ‘एडा’, बाविसावी ‘विल्मा’. हे सांगितल्यावर आई पहिल्यांदा त्या स्क्रीनकडे नीट बघायला लागली. शिवाय बसवण्याआधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. आवडलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, मशीन जसंच्या तसं.

पण डाँगलवालं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. मग? मग दोन्ही ठेवलं. एसएसडीचे भाग केले. एका भागात जुनी विंडोज जशीच्या तशी क्लोन करून आणली, आईचं सॉफ्टवेअर, फॉन्ट, सगळ्या सवयींसकट. त्या बाजूचं इंटरनेट बंद केलं. नेटच नसेल तर सपोर्ट संपल्याचं टेन्शनही फारसं उरत नाही. फक्त कुणाचाही पेनड्राइव्ह थेट तिथे लावायचा नाही. दुसऱ्या भागात मिंट, ज्यावर मेल, व्हॉट्सअॅप, बँक, सगळं बाहेरचं जग. कामाच्या फाइल्स मधल्या तिसऱ्या भागात, दोन्हीकडून दिसणाऱ्या. (तुम्ही हे करणार असाल तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करा. नाहीतर विंडोज ड्राइव्ह अर्धवट झोपेत सोडते आणि लिनक्सला त्यात नीट लिहिता येत नाही.)

ज्या डाँगलला मी इतके दिवस नावं ठेवत होते, त्यानेच लाज राखली. सॉफ्टवेअरचं कुलूप डिस्कला नव्हे तर त्या ठोकळ्याला होतं. डिस्क बदलली तरी त्याला फरक पडला नाही. क्लोन सुरू झालं, सॉफ्टवेअर उघडलं. आईने नेहमीप्रमाणे पूजेला जायला म्हणून पाट घेतला आणि थबकली. आयकॉन आले होते. वीस-पंचवीस सेकंदांत!

‘हे आपलंच आहे ना?’ तिने विचारलं.

सुरू करताना कुठे जायचं ते विचारणारा मेन्यू येतो. आईने त्याला नावं दिली, ‘जुनी खोली’ आणि ‘नवी खोली’. जुना लेझर प्रिंटर मिंटने काही केल्या ओळखला नाही, तो जुन्या खोलीतच राहिला.

वेलांटी आधी की अक्षर आधी?

एवढं करून फोनवर दिसणारी ती खिचडी मात्र तशीच होती. ती अपग्रेड करायला दुकानात काही मिळत नाही.

झालंय असं. जुने मराठी फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना ‘क’, ‘ख’चं रूप देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर मुखवटा गळतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. याउलट युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. देवनागरी त्यात १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ फॉन्टही आला. पण पेजमेकरसारख्या डीटीपीच्या सॉफ्टवेअरला ते झेपत नव्हतं, म्हणून छपाईचा धंदा कितीतरी वर्षं मुखवट्यांवरच चालला. आईसारख्यांचं अख्खं काम त्यातच अडकलेलं.

रूपांतर करणारे कन्व्हर्टर आहेत. पण त्यात एक गंमत आहे. टाइपरायटरच्या पद्धतीत ‘कि’ लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग ‘क’, म्हणजे कागदावर दिसतं त्या क्रमाने. युनिकोडमध्ये आपण बोलतो त्या क्रमाने, आधी ‘क’, मग वेलांटी. रफाराचं उलटं. ‘कर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’ झाल्यावर शेवटी मारायचा, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. म्हणजे कन्व्हर्टरला नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही बदलाव्या लागतात. जोडाक्षरं आली की तो हमखास गडबडतो. आणि ‘ऱ्या’? ‘दुसऱ्या’, ‘तिसऱ्या’, ‘पायऱ्या’ अशा शब्दांमध्ये त्याची दांडी गुल.

इथे मी हात टेकले आणि आईने सूत्रं घेतली. ती चष्मा लावून बसली आणि कन्व्हर्टरने काढलेला मजकूर वाचत गेली. तिसऱ्या पानावर म्हणाली, ‘अगं, हा काही ठरावीक ठिकाणीच चुकतोय.’ तिने वहीत यादी केली. कुठल्या जोडाक्षराचं काय होतं आणि काय हवं. सव्वीस नोंदी. मी त्या फाइंड-रिप्लेसमध्ये घातल्या. तेरा वर्षांच्या नमुन्यांमधले रोज लागणारे पत्रिकांचे मजकूर, अहवालांचे साचे असे दोन आठवड्यांत युनिकोडमध्ये आले. माझ्या ‘डिजिटल मीडिया’च्या पेपरात मला बरे मार्क होते, पण ही यादी मला करता आली नसती. जुन्या फॉन्टमध्ये कुठला तुकडा कशाला जोडतात हे माहीत असलेलं माणूस घरात होतं म्हणून ते जमलं.

उरला कीबोर्ड. मिंटमध्ये ‘आयबस’ नावाची सोय आहे, तिच्यातून मराठीचा टाइपरायटर पद्धतीचा लेआउट लावला. म्हणजे बोटांना रस्ता जुनाच, मजकूर मात्र युनिकोड. एक-दोन जोडाक्षरं वेगळ्या कीवर होती, ती आईने चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट फुकट मिळतात, तेही टाकले. पत्रिकेत रुपयाचं ₹ हे चिन्ह पहिल्यांदाच टाइप झालं, कारण जुना फॉन्ट त्या चिन्हाच्याही आधीचा. ते आलं २०१०मध्ये.

हिशेब

तुळशीच्या लग्नानंतर पहिली पत्रिका आली. आईने मजकूर नव्या खोलीत टाइप केला, व्हॉट्सअॅपवर पाठवला. नवऱ्या मुलाच्या बहिणीने फोनवरच मामांचं नाव दुरुस्त करून परत पाठवलं. ‘मावशी, किती सोपं झालं!’ आईने तो मेसेज मला दाखवला नाही, पण फोन टेबलावर उघडाच ठेवला होता. एका शाळेने वार्षिक अहवाल पुन्हा तिच्याकडे दिला. ती स्मरणिका मात्र परत येईल की नाही ठाऊक नाही. गेलेलं गिऱ्हाईक एसएसडी लावून परत येत नाही.

सगळं आलबेल आहे असंही नाही. पॉवर सप्लाय जुनाच आहे, मदरबोर्ड कधी मान टाकेल सांगता येत नाही. डाँगल गेलं तर जुन्या खोलीला कुलूप. म्हणूनच जुने नमुने नव्या खोलीत आणायचं काम आई रोज दुपारी थोडं थोडं करते. अजून बरेच बाकी आहेत.

जुनी हार्ड डिस्क कपाटात आहे, शेवटची प्रत म्हणून. तुमची टाकायची असेल तर नुसती डिलीट करून भंगारात देऊ नका. आतलं सगळं पुसणाऱ्या टूलने पुसा आणि अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला. त्यात आमच्या एका कॅबिनेटची भर टळली, इतकंच.

तर मंडळी, घरातल्या त्या कोपऱ्याकडे बघून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी टास्क मॅनेजर एकदा उघडा. डिस्क शंभर टक्के दिसली तर इलाज थोड्या खर्चात असू शकतो. आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी, त्या पीसीवर रोज बसणाऱ्या माणसाला विचारा, यातलं काय जायला नको? आमच्याकडे ती यादी तीन गोष्टींची निघाली. डाँगल, कीबोर्ड आणि जुने नमुने. वेगाचं नावही त्यात नव्हतं.